ओकचं पान सपाट पडत नाही

विभामावशी,

तू गेल्यानंतरही शुऐबाहून, काकांच्या कारखान्यातून, लाकूड येतंच आहे.

काल काका ऑफिसमधून थेट माझ्याकडे आले. खाली बोलावलं आणि गाडीची डिकी उघडून दाखवली. तुटक्या पॅलेटचे ठोकळे होते, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले, आजारी माणसाला भेटायला जाताना फळं न्यावीत तसे. काका म्हणाले, "स्टोअरमधल्या माणसांना मी सांगितलं होतं की ती आता नाही. त्यांनी ऐकून घेतलं, माना खाली घातल्या. आणि आज निघताना हे हातात दिलं. काय बोलायचं ते सुचलं नसेल." मग डिकी तशीच उघडी ठेवून ते रस्त्याकडे बघत राहिले. "याचं काय करू गं मी?"

 मी ठोकळे वर आणले.

इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना वाटायचं, तुला लाकडाचं वेड आहे. तुला वेड जंगलाचं होतं. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या, मिसूरीच्या डोंगराळ मुलखातल्या ओक आणि हिकरीच्या जंगलाचं. तरुणपणी तू तिथे शिकलीस, तिथली झाडं मोजलीस, आणि मग काकांच्या नोकरीमागे कुवेतला आलीस, जिथे ओकचं एक झाड नाही. पण काकांच्या कारखान्यात यंत्रं यायची ती पॅलेटवर, लाकडी चौकटींवर, चढून. फर्निचरला न चालणारं, गाठी आणि डाग असलेलं ओक-हिकरीचं लाकूड तिकडे पॅलेटला वापरतात. ते इथे शुऐबाच्या बंदरात उतरायचं आणि यंत्र निघालं की भंगारात जायचं. तू काकांना सांगून ठेवलंस, "फेकू नका. माझं माहेर आहे ते."

कुवेतच्या किनाऱ्यावर, दस्मानच्या तुझ्या फ्लॅटमध्ये गॅलरीत बसून तू त्या ठोकळ्यांना पॉलिश पेपर मारायचीस. आधी जाडा, मग मध्यम, मग इतका बारीक की लाकूड काचेसारखं व्हायचं. मग भिंग घेऊन वलयं वाचायचीस. हे दुष्काळाचं वर्ष, हे भरपूर पावसाचं, इथे शेजारचं झाड पडलं असणार आणि याला ऊन मिळालं. समोर आखात चमकत असायचं आणि तू एका अनोळखी टेकडीवरच्या पावसाबद्दल बोलत असायचीस. काका आतून ओरडायचे, "अगं, भुसा घरात येतोय!" तू म्हणायचीस, "येऊ दे. इथे वाळू येते तेव्हा तिला कोण अडवतं?"

आपली ओळख भांडणातून झाली, हे तुला आवडायचं. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मी दारात उभी राहून पत्रकं वाटत होते. थर्माकोलच्या ताटल्यांविरुद्ध. मी कुवेतला नवी होते, ऑफिसमध्ये हिशेब तपासायचे, आणि माझ्या डोक्यात सतत काहीतरी पेटलेलं असायचं. बायका पत्रक घेत होत्या, हसत होत्या आणि त्याच कागदात तिळगूळ बांधत होत्या. तू मात्र दारातच थांबून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंस.

"यात दोन चुका आहेत," तू म्हणालीस. "पण एक वाक्य फार चांगलं आहे."

"कुठल्या चुका?"

"घरी ये, सांगते. चहा पितेस ना? की चहाच्याही विरोधात आहेस?"

मी आले ती तुला हरवायला. मला पत्रकांची सवय जन्मापासूनची. चंद्रपूरला आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबांचं छोटं छापखान्याचं मशीन पुढच्या खोलीत, आई गठ्ठे बांधायची, आणि मी अक्षरं शिकले ती 'जमीन आमच्या हक्काची', 'खाण नको, पाणी हवं' या मथळ्यांवर. बाराखडीत मला आधी 'नि' आला, कारण 'निषेध' रोज समोर असायचा. तुला हे सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की डोळे पुसावे लागले. तेव्हापासून मी तुझी 'पत्रकबाई' झाले. काकांना तू हाक मारून सांगायचीस, "अहो, पत्रकबाई आल्यात, दार उघडा, नाहीतर निदर्शनं करतील."

त्या पहिल्या दिवशी तू माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवलास आणि हातात पेन्सिलीएवढी लाकडाची काडी दिलीस. "एक टोक पाण्यात बुडव, दुसऱ्यातून फुंक." मला वाटलं, ही बाई शाळेत जीवशास्त्र शिकवता शिकवता मलाही सहावीतली समजायला लागली. फुंकलं. लाकडातून पाण्यात बुडबुडे आले! लाकूड, अख्खं लाकूड, आणि त्यातून माझा श्वास आरपार गेला.

"हा लाल ओक. आता ही घे."

दुसरी काडी दिसायला तशीच. फुंकून फुंकून माझे गाल दुखले, कान तापले. एक बुडबुडा नाही.

"हा पांढरा ओक. नळ्या तशाच, पण हा आतून बुजवून घेतो. म्हणून दारूची पिंपं याची करतात." मग तू आवाज खाली आणलास. "कुवेतमध्ये हे उदाहरण हळू द्यायचं."

चुका कुठल्या ते तू त्या दिवशी सांगितलंच नाहीस. पुढच्या भेटीत सांगितल्यास. तोवर मी तुझी झाले होते.

मावशी, तू जंगल शिकवायचीस ते हातांनी. मला आजही तुझे हात आधी आठवतात, चेहरा मग. टेबलावर तळवा ठेवून तू बोटं आत वळवायचीस. "ओकचं पान वाळलं की असं होतं. वळतं, कडा वर येतात, जमिनीवर सपाट पडत नाही. खालून हवा खेळते. पाऊस पडून गेला तरी लवकर सुकतं." मग दुसरा तळवा टेबलावर चपटा दाबून ठेवायचीस. "आणि हे मेपलचं. पातळ. ओल्या फडक्यासारखं जमिनीला चिकटतं. याच्यातून आग पुढे सरकत नाही."

"म्हणजे मेपल चांगलं," मी म्हणाले. पत्रकाच्या हिशेबाने ते सरळच होतं.

"कोणासाठी?"

आणि मग तू ती गोष्ट सांगितलीस, जी नंतर आपल्या सगळ्या भांडणांचं मूळ झाली. त्या जंगलांतून हजारो वर्षं अधूनमधून जमिनीलगतची आग फिरत आली. विजेने लागायची त्याहून जास्त माणसं लावायची, तिथली मूळची माणसं, विचार करून. ठेंगणी, पायाशी चालणारी आग. ओकची साल जाड, मोठी झाडं टिकायची. रोपटी जळायची, पण ओकचं रोपटं वर वीतभर असतं तेव्हा खाली हातभर मूळ घालून बसलेलं असतं. शेंडा जळला की मुळातून पुन्हा फुटायचं. पुन्हा जळायचं, पुन्हा फुटायचं, दर वेळी मूळ आणखी जाड. हिकरीचंही तसंच. "ओकच्या रोपट्याचं वय शेंड्याला विचारायचं नाही," तू म्हणायचीस. पातळ सालीची मेपलची रोपं मात्र त्या आगीत जायची, आणि वरून ऊन खाली येत राहायचं.

मग आग थांबवली गेली. सरकारने थांबवली, चांगल्या हेतूने. गावोगावी भिंतींवर चित्रं लावली, शाळांतून मुलांना शिकवलं, कागद वाटले. आग म्हणजे शत्रू. माणसांनी ऐकलं. आणि पुढे काही दशकांत मोठ्या ओकांच्या खाली मेपल दाटून आला, सावली इतकी घट्ट झाली की ओकची पोरं खाली उपाशी मरायला लागली. वर म्हातारी झाडं उभी, फळं धरणारी, खारींना खायला घालणारी. खाली वारस नाही.

"तुला कळलं ना," तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "ते पत्रक फसलं नाही. ते यशस्वी झालं."

मी त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठले होते. तुला माहीत होतं का उठले.

कारण आमच्या घरचं सगळ्यात जुनं पत्रक तेच आहे. 'वणवा थांबवा'. दरवर्षी मोहाची फुलं गळायच्या आधी बाबा ते काढतात आणि आम्ही ते आठवडी बाजारात वाटतो. पाच-सहा वर्षांची असल्यापासून मी ते वाटत आले. कुवेतला आल्यापासून वाटू शकत नाही, म्हणून मजकूर मी लिहून पाठवते. आमच्याकडे जंगल दरवर्षी जळतं. मोह वेचायला खालचा पाला जाळतात. तेंदूला कोवळी पानं लवकर यावीत म्हणून ठेकेदार आग लावायला लावतो. ती आग डोंगर चढते, आणि गुन्हा मात्र टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईवर दाखल होतो. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. राखेत उभं राहून बघितलंय. आणि तू, दस्मानच्या वातानुकूलित खोलीत, मला सांगत होतीस की जंगलाला आग लागते, हवी असते!

हे मी तुला तोंडावर म्हणाले होते. जसंच्या तसं, वातानुकूलित खोलीसकट. तू रागावली नाहीस. म्हणालीस, "एसी बंद करू?"

आणखी एक भांडण होतं, ते आपण अर्धवट सोडलं. मी म्हणायचे, तुझं जंगल तुझ्याकडून काढून घेतलं गेलं. नवऱ्याची बदली, नवऱ्याचा व्हिसा, आणि तू डिपेंडंट. एक शास्त्रज्ञ बाई शाळेत बेडकाची आकृती फळ्यावर काढत बसली. यावर काका नेहमी उठून स्वयंपाकघरात जायचे. तू म्हणायचीस, "ओकसुद्धा काही वर्षं एकही फळ धरत नाहीत. मग एका वर्षी सगळा डोंगर एकदम धरतो, खारींना संपता संपत नाही इतकं."

"ही पळवाट आहे, मावशी."

"आहे," तू म्हणायचीस. "पण सुंदर आहे की नाही?"

मला तेव्हा विचारायचं होतं, खरंच तुला वाईट वाटत नाही का? तुझं हसणं इतकं लगेच यायचं की मध्ये प्रश्नाला जागा राहायची नाही. मी धीट आहे असं सगळे म्हणतात. पण हा प्रश्न मी तुला कधी विचारला नाही.

यंदाच्या जानेवारीतली पोपटी तुला आठवत असेलच. अस्लमभाई मूळचे रायगडचे, किनाऱ्यावरचे, काकांचे जुने मित्र. इथे त्यांचा मालवाहतुकीचा व्यवसाय. दर हिवाळ्यात ते आपल्या काही घरांना गाड्या भरून वाळवंटात नेतात आणि मडकं लावतात. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, मीठ, ओवा. भांबुर्डीचा पाला इथे कुठला मिळायला, ते मडक्याला आतून केळीची पानं आणि मेथीच्या जुड्या लावतात आणि दरवर्षी म्हणतात, "पाला नाही तर पोपटी नाही, हा नुसता उकडा." तरी दरवर्षी लावतात. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा.

त्या दुपारी गाडीतून उतरताच तू आधी सगळ्यांना ताकीद दिलीस. जवळच अरफजची झुडपं होती, वाळून गेलेली दिसत होती. कोणीतरी एक मोडायला वाकलं.

"त्याला हात लावलात तर मी जेवणार नाही," तू म्हणालीस. "मेलेलं नाही ते. वाट बघतंय."

"मग वहिनी, जाळायचं काय?" अस्लमभाई म्हणाले. "माझं डोकं?"

"पॅलेट आणलीत ना? आधी शिक्का बघा. कीड मरायला नुसती तापवलेली असतील तर जाळा, औषध मारलेलं असेल तर लांब ठेवा."

अस्लमभाईंनी अगदी इमानदारीने शिक्के बघितले. लाकूड कमी पडलं तसं काकांच्या डिकीतलंही आणलं. त्यात कापडात गुंडाळलेला एक जाड ठोकळा होता, काकांनी त्याच दिवशी तुला दाखवायला आणलेला. काका शेंगा निवडण्यात गुंतलेले. जाळ चांगला धरला, धुराला असा वास सुटला की सगळे नाक वर करून बसले. तूसुद्धा. आणि मग तू एकदम उभी राहिलीस.

"ही हिकरी आहे. अहो, हिकरी कुठून आली?"

चिमट्याने ठोकळा बाहेर ओढला तेव्हा त्याची एक बाजू कोळसा झाली होती. दुसऱ्या बाजूला, ज्या टोकाला अजून सालीचा तुकडा होता, तिथे तुला ते दिसलं. इतकी वर्षं तू शोधत होतीस ते. वलयं सरळ जाता जाता एका काळ्या रेषेपाशी थांबलेली, आणि मग दोन्ही बाजूंनी लाकूड त्या जखमेवर वळून आलेलं, ओठ मिटावेत तसं. त्याच्या बाहेर पुन्हा तसंच. जुन्या आगींच्या खुणा. हे झाड जळालं होतं, जगलं होतं, पुन्हा जळालं होतं. असा ठोकळा तुला तोवर एकही मिळाला नव्हता.

अस्लमभाईंचा चेहरा उतरला. "वहिनी, मी बघितला हो शिक्का. शिक्का बरोबर होता."

तू वाळूत बसलीस. ठोकळ्यावरून धूर येत होता. मला वाटलं, आता रडेल. तू तुझ्या ओढणीने राख झटकलीस आणि म्हणालीस, "अस्लमभाई, अमेरिकेतली आग माणसांनी लावली होती आणि हीसुद्धा माणसांनीच लावली. फक्त हिच्यात वाल शिजले." मग सगळे हसले, तूही हसलीस. पोपटी फुटली तेव्हा दोनदा मागून खाल्लीस. म्हणालीस, अशी चव आजवर आली नव्हती.

पण परतताना गाडीत मी तुला सोडलं नाही. मी म्हणाले, बघ, आग अशीच असते, निवड करत नाही. तू म्हणालीस, "मग त्या झुडपाला मी हात लावू दिला का? तिथे आग चालत नाही, म्हणून मी नाही म्हणाले. मिसूरीत चालते. तुझ्या चंद्रपूरचं मला माहीत नाही. मी बघितलेलं नाही. दरवर्षी लागत असेल तर रोपांना उठायला वेळच मिळत नसेल. तुझे बाबा बरोबर असतील. पण तुमच्या पत्रकात हे कुठे आहे? कोणती आग, कोणाची, कधी, किती वर्षांनी? नुसतं 'थांबवा'. आणि ती टोपलीवाली बाई विचारते, मग फुलं कशी वेचू, तिला उत्तर कुठे आहे?"

"पत्रकात 'पण' बसत नाही, मावशी. 'पण' टाकलं की ठेकेदार त्याच्यावर बसतो. उद्या तोच कागद नाचवेल, बघा, हेच म्हणतात आग चांगली."

"नाचवेल," तू म्हणालीस. "तरी लिही. यंदाचं तूच लिहिणार आहेस ना? त्यात माझ्या जंगलाची गोष्ट घाल. खरी आहे म्हणून घाल."

मी नाही म्हणाले. आणि मी अजूनही म्हणते की माझी भीती खरी होती.

त्यानंतर तुझा आजार कळला, आणि तो कळेपर्यंत उशीर झालेला होता. हॉस्पिटलमध्ये मी यायचे तेव्हा तू माझ्याशी सगळं बोलायचीस, आजार सोडून. शेवटच्या भेटींपैकी एका भेटीत तुझ्या हाताला सुई लावलेली होती, त्यामुळे तो हात तू हलवू शकत नव्हतीस. तू दुसऱ्या हाताने माझा तळवा धरलास, बोटं आत वळवलीस, आणि चादरीवर ठेवलास.  नर्स आली, तिने बघितलं, तिला काय वाटलं असेल कोण जाणे.

मग म्हणालीस, "लिहिलंस?"

"नाही. आणि लिहिणार नाही."

"बरं. भांड. पण मी आहे तोवर भांड, नंतर मला ऐकू येणार नाही."

मी म्हणाले, असं बोलू नकोस. किती पोकळ वाक्य! निषेधावर वाढलेली मुलगी, आणि ऐन वेळी तोंडातून निघालं ते हे.

मला म्हणायचं होतं की मावशी, माझ्याशी असं कोणी भांडलंच नव्हतं. घरी सगळे माझ्या बाजूचे, बाहेर सगळे विरोधातले. तू एकटीच अशी होतीस, जिने माझा कागद शेवटपर्यंत वाचला आणि मग भांडलीस. मला म्हणायचं होतं, थँक्यू. आपल्यात तो शब्द इतका परका होता की त्याला दारातून आत कसं आणावं ते कळलं नाही.

तू रमजानमध्ये गेलीस. इथे आपल्या माणसाला अग्नी देता येत नाही, विमानाने घरी न्यावं लागतं. मला तुला सांगायलाच हवं, की कागदपत्रांसाठी खिडक्या-खिडक्या कोण फिरलं. काका तर खुर्चीवर बसून राहिले होते. अस्लमभाई फिरले. दिवसभराचा रोजा, तोंडात पाण्याचा थेंब नाही, दुपारी ऑफिसं लवकर बंद होणार म्हणून धावत. त्यांना अरबी येतं, आम्हाला आभाराच्या 'शुक्रन'च्या पुढे येत नाही. शेवटचा शिक्का मिळाला तेव्हा ते भिंतीला टेकून माझ्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "बाय, मी वहिनींचं लाकूड जाळलं गं. आणि त्या माझ्या घरी सांगत होत्या, काय पोपटी केली अस्लमभाईंनी." मग ते तोंड फिरवून उभे राहिले. मगरिबची, रोजा सोडायची बांग झाली तेव्हा मी त्यांना खजूर आणि पाणी दिलं. विमानतळावर, मालाच्या गेटपाशी.

काकांना विमानात बसवलं. मला सुट्टी मिळाली नाही. पुण्यातला विधी मी फोनवर बघितला, अर्धा आवाज, अर्धं चित्र. तू आधीच सांगून ठेवलं होतंस, विद्युतदाहिनी. मी तुला यावरही चिडवलं होतं की आगीची एवढी वकिली करतेस आणि स्वतःसाठी लाकूड नको? तू म्हणाली होतीस, "जंगलाला आग लागते. मला बटण पुरे." चित्र अडकलं आणि मला तुझं तेच वाक्य ऐकू आलं, आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून हसले. हसताना रडू आलं. दोन्ही एकदम येतं हे मला माहीत नव्हतं.

आता ईद होऊन गेली आहे. काका इथलं आवरून पुण्याला कायमचे जाणार आहेत. तो अर्धा जळालेला ठोकळा ते बरोबर नेणार, बाकीचे मी ठेवून घेतले. काल आलेल्यांतल्या एकाला मी पॉलिश पेपर मारायला बसले. तासभर घासलं, तुझ्यासारखं काही चमकलं नाही. वलयं दिसली, पण मला ती वाचता येत नाहीत. पाऊस कुठला, दुष्काळ कुठला, काही कळेना. तू मला सगळं सांगितलंस आणि भिंग कसं धरायचं तेवढं शिकवायचं राहून गेलं.

मग मी हात धुतले आणि यंदाचं पत्रक लिहायला बसले.

बाबा खोळंबलेत. चंद्रपुरात मोह गळायला लागलाय, या बाजारी पत्रक गेलं नाही तर मग त्याचा उपयोग नाही. मी पहिली ओळ तीच लिहिली, 'वणवा थांबवा'. ती मी काढली नाही, मावशी, ती माझी आहे. ठेकेदाराचं लिहिलं, नेहमीसारखं, नेहमीपेक्षा कडक. मग लिहिलं, 'पण'. आणि त्यापुढे तुझं जंगल लिहिलं. आग थांबल्यावर काय झालं ते लिहिलं. जे तिथे खरं ते इथे खरं असेलच असं नाही, हेही लिहिलं. कोणती आग, कोणाची, कधी, किती वर्षांनी, हे गावाने बसून ठरवावं, खात्याने नाही आणि ठेकेदाराने तर नाहीच. टोपलीवाल्या बाईला उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. म्हणून लिहिलं की याचं उत्तर आमच्याकडे नाही, तुम्ही सांगा. आमच्या घरच्या कुठल्याही पत्रकात हे वाक्य आजवर छापलं गेलेलं नाही.

ते मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. मला वाटत होतं, ते म्हणतील, कुवेतला जाऊन मऊ झालीस.

 मागे मशीनचा आवाज येत होता.

"काऊन गं," ते म्हणाले, "हे 'उत्तर नाही' वालं कायले टाकलं?"

"नाही म्हणून टाकलं, बाबा."

"ठेकेदार हसंल."

"हसू दे."

ते म्हणाले, "एका बाजूवर मावत नाही हे."

"मग काय कापू?"

"कापायचं कायले? मागच्या बाजूनंही छापू. कागद काय एकाच बाजूनं असते का?" मग म्हणाले, "हे जंगलाचं तुले कोणं सांगितलं? खाली नाव लागंल त्याचं. आपण कोणाचं फुकट घेत नाही."

मी गडबडले. तुझं नाव घालावं, तर तू म्हणशील, चंद्रपूर मी बघितलेलं नाही, माझं नाव कशाला. न घालावं, तर ती गोष्ट माझी होते, आणि ती माझी नाही. आणि घातलं, आणि त्या ठेकेदाराने खरंच तो कागद नाचवला, तर तुझं नाव नाचवेल. मला काही ठरवता येईना, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "थांबा, मावशीला विचारून सांगते."

निघून गेलं तेव्हा कळलं. बाबांनाही कळलं, तू गेल्याचं मीच त्यांना सांगितलं होतं. मशीनचा आवाज थांबला.

"विचार," बाबा म्हणाले. "मी थांबतो."

म्हणून विचारते आहे.